इंदूताईचं वरण-बट्टीचं लग्न

बाबा गेले तेव्हा इंदूताईचं लग्न ठरलेलं होतं, फक्त तिथी काढायची राहिली होती. सुपारी फुटली होती, रावेरच्या मंडळींनी ताईच्या ओटीत नारळ घातला होता. बाबा रोज संध्याकाळी मिलमधून आले की हातपाय धुऊन ओसरीवर बसत आणि लग्नात काय काय करायचं ते आईला ऐकवत. मिलमध्ये ते हजेरी-कारकून होते. पगार बेताचा, पण बोलण्यात हात भारी सैल. दराबा तर हवाच, म्हणायचे. रवा, साखर आणि तूप परातीत घेऊन हातानं फेटत बसायचं, पांढरंशुभ्र लोण्यासारखं होईपर्यंत, असा आमच्या बऱ्हाणपूरचा दराबा. "फेटायला मी स्वतः बसेन," असं बाबा सांगायचे. आई चुलीपाशी भाकरी थापत ऐकून घ्यायची आणि मधूनच विचारायची, "साखर कुठून आणणार? रेशनच्या दुकानातून?" त्यावर बाबा हसायचे. साखर, धान्य, कापड, सगळं तेव्हा कार्डावर मिळे. रावेर आमच्यापासून गाडीनं जवळच, पण ते मुंबई इलाख्यात आणि आम्ही मध्य प्रदेशात, त्यामुळे तिकडचं धान्य इकडे आणायलासुद्धा परवाना लागे. स्टेशनवर शिपाई पिशव्या चाचपायचे. बाबा म्हणायचे, "एवढी संस्थानं एक झाली, तर आपलं नि व्याह्यांचं राज्य एक व्हायला कितीसा वेळ?" पुढे राज्यांची फेरवाटणी झाली तेव्हा रावेर तिकडेच राहिलं आणि आम्ही इकडेच. ते बघायला बाबा नव्हते.

मार्गशीर्षात त्यांना विषमज्वर झाला. आधी नुसता ताप, मग बडबड, मग एका सकाळी काहीच नाही. शनवारा दरवाज्याच्या आतल्या बाजूला आमची गल्ली होती आणि गल्लीत निम्म्या घरांत हातमाग. पहाटेच्या अजानीनंतर जी खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. त्या दिवशी विणकरांनी आपणहून माग बंद ठेवले. आमच्या घरातलं घड्याळ टिकटिक करतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी बारा वर्षांची होते, ताई अठराची. आई किती वर्षांची होती ते मी तेव्हा कधी मोजलं नाही. आता मोजते तर चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती.

तेरावं झालं आणि काका बोलायला बसले. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, डोक्याला नेहमी काळी टोपी, बोलणं मोठं. आई त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलत नसे. दाराआड उभी राहून माझ्याकडे बघत बोलायची, "कमे, काकांना सांग," आणि मी मध्ये नुसती उभी असायची, कारण काकांना सगळं ऐकू येतच असे. रीत अशी की घरात मृत्यू झाला तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं रावेरची मंडळी थांबणार नव्हती. काका म्हणाले, "वैशाखात उरकून टाकू. कन्यादान मी नि तुझी काकू करतो. घराण्याला शोभेल असं करू, हयगय नको."

"कमे, काकांना विचार, शोभेल असं करायला पैसे कुणाचे?" आई दाराआडून म्हणाली.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. "मिलचा फंड मिळेल ना त्याचा," म्हणाले. तेवढंच.

फंड मिळाला. आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या. विधवेच्या हातात त्या राहणार नव्हत्याच, तेव्हा त्या गेल्याचं दुःख करायचीही सोय नव्हती. सगळे मिळून आठशे रुपये झाले. त्यातून लग्न करायचं आणि उरेल त्यात माझी शाळा नि आमच्या दोघींचं पोट. आईला लिहितावाचता जेमतेम यायचं. तिचा हिशेब जात्यावर चालायचा. सकाळी दळायला बसली की ओव्या म्हणणारी बाई, ती त्या हिवाळ्यात गप्प दळायची आणि मधेच जातं थांबवून म्हणायची, "बँड नको." पुन्हा घरघर. "वऱ्हाड उतरायला जानोसा समोरच्या गोदाच्या दिराकडे. धर्मशाळेचं भाडं नको." पुन्हा घरघर. ताई सुपात गहू पाखडत ऐकायची. एकदा ती म्हणाली, "आई, शालूही नको. तुझाच हिरवा नेसते." आईनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तो मी नेसलेला आहे. नवाच घेऊ, पण सुती." असं एकेक कमी करत आई जेवणापर्यंत आली. मांडे-पुरण नाही, दराबा नाही, साखरच नाही. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, वर तुपाची धार. बहादरपूरला माझे मामा शेती करायचे. वांगी, केळीची पानं आणि बट्ट्या भाजायला गोवऱ्या त्यांच्याकडून येणार होत्या. एकच जेवण, पन्नास माणसं.

परवा माझ्या नातीच्या लग्नाची बोलणी झाली, तेव्हा नातू मोबाइलवर खर्चाचा आकडा खालीवर करत होता. फुलं कमी केली की आकडा उतरायचा, लॉन बदललं की चढायचा. सगळे हसत होते, मीही हसले. पण मला घरघर ऐकू येत होती.

फाल्गुनात रावेरहून निरोप आला की बरात दीडशे माणसांची येईल. आमच्याकडे वऱ्हाडाला बरातच म्हणतात. दोन वेळचं जेवण, त्यात एक गोडाचं. बँड बऱ्हाणपूरचा. नवऱ्यामुलाला सायकल. आणि काकांनी आईला न विचारता 'हो' सांगून टाकलं होतं. दुकानात चार लोकांसमोर नाही कसं म्हणणार, असं ते म्हणाले. "साखर मी आणतो काळ्या बाजारातून. कुणाकडून तरी उचल घेऊ, कमलच्या लग्नापर्यंत फिटेल."

त्या दिवशी आई दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड काकांकडे होतं. "उचल फेडणार कोण? मी रावेरला जाते. जे आहे ते सांगून येते," ती म्हणाली.

"वर्ष झालं नाही अजून! तू उंबरा ओलांडणार? तेही व्याह्यांच्या दारात? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कमे, उद्या शाळा नको. चपला घालून तयार राहा."

टांग्यानं आम्ही लालबागला स्टेशनवर गेलो आणि पॅसेंजरमध्ये बसलो. डब्यातली एक बाई आईच्या उघड्या कपाळाकडे बघून आपल्या लहानग्याला पलीकडे घेऊन बसली. आईनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच कापसाची काळी रानं, वेचणी झालेली. मला सपाटून भूक लागली होती, पण मागायचं धाडस झालं नाही.

व्याह्यांचं घर रावेरच्या पेठेत होतं. जिन्याखाली शेंगांची पोती, ओट्यावर झोपाळा. सासरे त्र्यंबकराव, अडतीचा धंदा करणारे, मवाळ माणूस. आईला बघून ते उठले, "या, बसा" म्हणाले, आणि आत बघायला लागले. आतून विहीणबाई आल्या. उंच, सुकलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी आईला झोपाळ्याकडे जाऊ दिलं नाही, ओट्याच्या कडेला चटई टाकली. पाणी गड्याच्या हातून आलं. नवरामुलगा मधुकर शाळेत मास्तर होता, तो त्या वेळी घरी नव्हता.

आई पाणी प्यायली नाही. भांडं बाजूला ठेवून ती बोलायला लागली. तिचा आवाज एरवीसारखाच होता, भाजीवालीशी बोलावा तसा. "माझ्या दिरांनी तुम्हांला हो म्हटलं, ते त्यांनी मला विचारून म्हटलेलं नाही. माझ्याकडे जे आहे त्यात एक जेवण होतं. वरण-बट्टी. माणसं पन्नास. बँड नाही, सायकल नाही. पोरगी आहे. ती घरकामात, शिवणात कुठं कमी पडणार नाही. पटत असेल तर तिथी काढू. नसेल पटत तर आत्ताच सांगा, मी राग धरणार नाही."

त्र्यंबकराव टोपीशी चाळा करत राहिले. "माणसं पन्नास म्हणजे..." असं त्यांनी सुरू केलं आणि बायकोकडे बघून सोडून दिलं.

विहीणबाईंनी आईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मुलगी मला आवडलीय. पत्रिका जुळलीय. वरण-बट्टी तर वरण-बट्टी. सायकल माझा मुलगा स्वतःच्या पगारातून घेईल. पण बाई, माझीही एक गोष्ट आहे. लग्नाच्या दिवशी तुमचा चेहरा मांडवात दिसायला नको. मांडवात नको, मागल्या दारात नको, खिडकीतही नको. माझ्या मुलाच्या दृष्टीला पडायला नको."

आई म्हणाली, "विधींच्या आसपास मी येणार नव्हतेच. मागच्या खोलीतून अक्षता टाकीन. जाताना पोर पाया पडेल, एवढंच."

"तेही नको." विहीणबाईंचा आवाज एकदम बसला. "मी काही वाईट बाई नाही. मला थोरला मुलगा होता. त्याच्या लग्नात त्याची विधवा मावससासू पुढे आली, त्याला ओवाळून गेली. सगळे म्हणाले जाऊ दे. वर्षाच्या आत माझा मुलगा गेला. आता हा एकच आहे."

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो पुढे आला, वर्षानुवर्षं राहिला. पण त्या वेळी, त्या ओट्यावर, मला त्यांची भीतीच दिसली आणि मीही घाबरले.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. चटईची एक काडी निघाली होती, ती तिनं आत खोचली. "बरं," म्हणाली. आणि मग बाजूला ठेवलेलं पाणी उचलून प्यायली.

परतीच्या गाडीत तिनं मला फुटाणे घेऊन दिले. स्टेशन जवळ आलं तेव्हा म्हणाली, "इंदीला यातलं काही सांगायचं नाही. मामाला नाही, काकांनाही नाही. व्याही ऐकले, एवढंच." मी मान हलवली. बारा वर्षांच्या मुलीला आईनं सांगितलं की ते झालंच.

काकांना व्याही ऐकल्याचं नवल वाटलं आणि थोडं वाईटही. ताई मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा गुणगुणताना ऐकू आली. आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "तू म्हणजे ना!" आईनं तिचा हात काढून घेतला आणि म्हणाली, "वांगी किती लागतील ते मोज आधी."

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाच्या मेढीला हात लावला तर चटका बसे. वैशाखात आमच्याकडे तापीसुद्धा वाळूत तोंड लपवते. आई पहाटेच उठली होती. अंगणामागच्या मोकळ्या जागेत मामांनी गोवऱ्यांचा आर केला, आणि आईनं कणकेचे गोळे ओवा-हळद घालून स्वतः मळले, स्वतः निखाऱ्यात लावले. तिचा चेहरा धुरानं नि जाळानं लाल झाला होता. वरणाला फोडणी देऊन तिनं हात धुतले, लुगडं बदललं आणि ताईच्या खोलीत गेली. ताईला हळद लागलेली, मुंडावळ्या अजून बांधायच्या होत्या. आईनं तिच्याकडे दारातूनच बघितलं. "केसांना तेल जास्त झालंय, पुसून घे," म्हणाली. त्या दिवशी ताईशी तेच तिचं शेवटचं बोलणं. मग ती गल्ली ओलांडून समोरच्या गोदामावशीच्या घरात गेली, आणि मी आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला.

बरात आली. टांगे लालबागहून शनवाऱ्याच्या दरवाज्यातून आत आले, बँड नव्हता म्हणून घोड्यांच्या घुंगरांचाच तेवढा आवाज. विहीणबाईंनी उतरताच मांडवावरून, खिडक्यांवरून, मागच्या दारावरून नजर फिरवली आणि मगच पाऊल आत टाकलं. मामांनी ताईला हाताला धरून आणलं. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकांच्या वेळी ताई मान वर करून मागच्या दाराकडे बघत होती. काकू कुजबुजली, "मान खाली घाल." अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या. काकांनी नि काकूंनी कन्यादान केलं, काकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मी ताईच्या मागे करवली म्हणून उभी होते. तिनं मागे न वळता विचारलं, "आई कुठंय गं?"

"वरणाकडं बघू राहिली," मी म्हणाले.

पंगत बसली. बट्टी कुस्करून तिच्यावर वरण ओतलं, तूप सोडलं, आणि रावेरची माणसं जेवायला लागली ती बोलायचीच थांबली. एक म्हातारा मात्र मोठ्यांदा म्हणाला, "लग्नात गोड नाही होय?" काका वाढता वाढता थांबले. त्यावर त्र्यंबकराव म्हणाले, "बट्टी गोडच आहे की. आणखी एक वाढा मला." तेवढा एक शब्द त्या माणसानं आमच्यासाठी टाकला.

संध्याकाळची गाडी गाठायची होती. टांगे दारात आले. ताई काकांच्या पाया पडली, काकूंच्या, मामांच्या, मग इकडेतिकडे बघत राहिली. "आई?" कुणाला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं तर मी खाली बघत होते. गोदामावशी मात्र स्वतःच्या दाराकडे बघत होती. ताईनं ती नजर पकडली. शेला सावरत ती गल्ली ओलांडून गेली आणि दार वाजवायला लागली.

"आई, दार उघड गं. पाया पडते नुसती."

आत काहीच हललं नाही.

"आई, मी चाललेय. आई!" ती दोन्ही हातांनी वाजवत होती, हिरव्या बांगड्या फुटून उंबऱ्यावर पडत होत्या. आमचे मामा पुढे झाले, "अक्का, उघड ना! हे काय करू राहिली?" मधुकरराव टांग्याशी गोंधळून उभे होते. ते आपल्या आईकडे वळून काही विचारत होते आणि विहीणबाई त्यांचा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. सगळी गल्ली बघत होती. माग थांबले होते. शेवटी ताईनं दारावर कपाळ टेकलं. मग काकूनं तिला खांद्याला धरून आणलं आणि टांग्यात बसवलं. दारावर तिच्या कपाळाचं कुंकू उमटलं होतं.

टांगे वळल्यावर बऱ्याच वेळानं कडी निघाली. आई बाहेर आली. तिनं खालचा ओठ दातांनी फोडून घेतला होता. मला म्हणाली, "बांगड्यांच्या काचा गोळा कर, कुणाच्या पायात जातील." मग विचारलं, "जेवले का सगळे नीट?"

ताईचं पुढे तसं बरं झालं. मधुकरराव सज्जन निघाले, त्यांनी सायकल घेतली, नंतर शिकून हेडमास्तर झाले. पण पहिली दिवाळी आली तशी गेली, ताई आली नाही. तिच्या मनात हेच बसलं होतं की आईनं रीतीच्या भीतीनं आपल्याला दारात रडत ठेवलं. पुढल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, तेव्हा ती आली. पोटात चौथा महिना. आईशी बोलायची नाही, ताटावरून उठून जायची. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आई समोर असतानाच मी रावेरच्या ओट्यावर झालेलं सगळं सांगून टाकलं.

ताई ऐकत होती. मग आईकडे वळली. "मला विचारायचं होतंस. मी लग्नच केलं नसतं."

"म्हणूनच नाही विचारलं," आई म्हणाली.

त्यावर ताई रडली नाही, आईच्या गळ्यातही पडली नाही. उठून न्हाणीघरात गेली आणि तोंड धुऊन आली. चार दिवस राहिली, आईच्या हातचं जेवली, जाताना वाकून नमस्कार केला. पण त्या दोघींमध्ये काहीतरी राहिलं ते राहिलंच. आईला बघून ताईचा चेहरा जो उजळायचा, तो पुन्हा तसा उजळताना मी पाहिला नाही. विचारायला हवं होतं, असं तिला आयुष्यभर वाटलं. आणि आईलाही दुसरं काही करता आलं असतं असं कधी वाटलं नाही. त्या दोघी गेल्या तेव्हाच्या त्यांच्या वयाहूनही आज मी म्हातारी आहे, आणि मला दोघींचंही पटतं. त्यानं काही सोपं होत नाही.

आमच्या गल्लीत मात्र त्या लग्नाचं नाव झालं. एक पैसा कर्ज न काढता, वरण-बट्टीवर लेकीचं लग्न केलं म्हणून बायका आईकडे सल्ला विचारायला यायच्या. आई सांगायची. पन्नास माणसांना कणीक किती, गोवऱ्या कुणाकडून घ्यायच्या, पानं आदल्या दिवशी का आणायची नाहीत. रावेरचं कुणालाच सांगितलं नाही तिनं.

मी मॅट्रिकला होते त्या साली एक विणकराची बाई आली. नवरा खोकल्यानं गेलेला, मुलीचं लग्न तोंडावर, जवळ जेमतेम काही. आई नेहमीसारखं कणकेचं, वांग्यांचं सांगत होती. सांगता सांगता थांबली.

"आणखी कमी कर. तूप कमी कर. माणसं कमी कर. पाहिजे तर बट्टीही नको, नुसतं पिठलं-भाकर घाल," ती म्हणाली. "पण तू मांडवात उभी राहा."

ती बाई आईकडे बघतच राहिली. "कसं जमंल वैनी? लोक काय म्हणतील?"

आईनं तिला उंबऱ्यापर्यंत सोडलं आणि आत येऊन पुन्हा दळायला बसली. ती बाई मांडवात उभी राहिली की नाही, ते आम्हांला कळलं नाही. लग्न आमच्याच गल्लीत झालं, पण आईला बोलावणं नव्हतं.